नकाशावरच्या सहीमागचा कायदा

24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला. इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यात बिल्डर आणि पालिकेच्या अधिकाऱ्यांबरोबर वास्तुविशारद आणि आरसीसी सल्लागारही (म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचे गणित करणारा अभियंता) होते. कागदावर सही करणारा माणूस थेट सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली कसा येतो, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

वास्तुविशारदांसाठी देशात कायदा आला तो 1972 मध्ये. त्यातून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर उभी राहिली, नोंदणी सुरू झाली, आणि 1989 मध्ये व्यावसायिक आचरणाचे नियम आले. गैरवर्तन सिद्ध झाले तर नाव नोंदवहीतून काढता येते. पण या कायद्याच्या कलम 37 ने राखले ते फक्त बिरूद. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये हे स्पष्ट केले. नोंदणी नसलेल्याने स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायचे नाही, मात्र इमारतीचे आराखडे काढण्याचे काम करायला या कलमाची बंदी नाही. स्थापत्य अभियंत्यांची गत तर आणखी विचित्र आहे. त्यांच्या व्यवसायासाठी असा केंद्रीय कायदाच नाही. महापालिका परवाना देते, त्यावर काम चालते. ज्याच्या गणितावर स्लॅब आणि कॉलम उभे राहतात, त्याच्या पात्रतेबद्दल देशपातळीवर एक कायदा नसावा, ही मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

जुन्या काळी वाद पैशांचा असे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 73 नुकसानभरपाईपुरते, आणि दावा लावायचा तो करारातल्या पक्षाने. फ्लॅट घेणाऱ्याचा वास्तुविशारदाशी करार नसतोच. त्याचा करार बिल्डरशी. ग्राहकाला खरा आधार मिळाला 1993 मध्ये. त्या वर्षी ग्राहक संरक्षण कायद्यातल्या ‘सेवा’ या शब्दात घरबांधणी आली, आणि लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठरवले.

फौजदारी बाजूला मोठे वळण दिले भूकंपाने. 26 जानेवारी 2001 रोजी हादरे बसले कच्छमध्ये, आणि दोनशे किलोमीटरहून लांबच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या अनेकांच्या तळमजल्यावर पार्किंग होते, म्हणजे भिंती नाहीत, नुसते कॉलम. भूकंपरोधक सळईबांधणीचे भारतीय मानक 1993 पासून उपलब्ध होते. तरीही हे झाले, म्हणून बिल्डरांसोबत वास्तुविशारद आणि अभियंत्यांवरही गुन्हे दाखल झाले.

मुंबईत जुन्या इमारतींसाठी महापालिका कायद्यात कलम 353 ब आले: तीस वर्षे झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी. तपासणीचा कागदही पुढे अंगावर येऊ शकतो, हे 14 मार्च 2019 ला दिसले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडून सात जण दगावले. त्याआधीच्या ऑडिटमध्ये पूल किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा ठरला होता. ऑडिटरला काही दिवसांतच अटक झाली.

याच सुमारास रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्प आणि घरविक्रीचे नियमन करणारा केंद्रीय कायदा, लागू झाला होता. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि काम किती झाले याचा दाखला वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांनी दिल्यावरच काढायचे. म्हणजे आता सही नुसती नकाशावर नाही, पैशाच्या नळावरही आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेतला दोष निघाला तर दुरुस्ती कलम 14 नुसार बिल्डरची. पण तो पुढे नेमणूकपत्रातल्या अटी दाखवून आपल्या सल्लागारांकडे वळू शकतो. साइटवर देखरेख कोणाची, हे त्या पत्रात धड लिहिलेले नसेल तर भांडण तिथेच पेटते. आणि दाखला देणाऱ्याची फी बहुतेकदा त्याच बिल्डरकडून येते. काम थांबवा असे ठणकावून सांगणे त्याला किती जड जात असेल, याचा विचार कायदा करताना व्हायला हवा होता.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास भारतीय दंड संहितेच्या कलम 304 अ नुसार दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे.