आधी संसार, मग मिशन

‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा. पण मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे जे एल्डर देशोदेशीच्या रस्त्यांवर जोडीजोडीने चालताना दिसतात, पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, त्यांतल्या कित्येकांना मिसरूडही धड फुटलेलं नसतं. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं ती. त्याच गावात कुठेतरी तशीच पट्टी लावलेला सत्तरीचा एक माणूसही असतो, शेजारी ‘सिस्टर’ अशी पट्टी लावलेली त्याची बायको. त्याला निदान तो शब्द शोभतो.

हे म्हातारं जोडपं सहसा दारोदार धर्मप्रचार करत नाही. त्याच्या वाट्याला येतो तो संसारच, फक्त दुसऱ्यांचा. मिशनच्या कचेरीत बसून व्हिसाचे कागद बघायचे, पोरांच्या भाड्याच्या खोल्यांचे करार करायचे, गाड्यांचा आणि खर्चाचा हिशेब ठेवायचा. मग एखाद्या दिवशी त्या खोल्यांवर जाऊन थेट फ्रिज उघडायचा. आत काय कुजलंय, मोरी कधी घासली होती, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बदलला का, हे सगळं आजीबाई बघतात आणि आजोबा वहीत टिपून घेतात. नवरा निवृत्त डॉक्टर असेल तर फोनवर तापाचे आणि जुलाबाचे सल्ले. कुणी विहिरी आणि हातपंपांच्या कामावर, कुणी जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची पानं कॅमेऱ्याने टिपण्याच्या कामावर. पूर्वजांची वंशावळ शोधणं या पंथात धर्मकार्यच मानतात. रविवारी पंधरा-वीस माणसांच्या मंडळीत बसायचं आणि नव्या सभासदाला सभा कशी चालवायची ते शेजारी बसून शिकवायचं.

आणखी एक काम कुठल्याच नेमणूकपत्रात नसतं. फेब्रुवारी २०१९ पर्यंत तरुण मिशनऱ्यांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळला आणि मातृदिनाला. अशा परदेशात एकोणीस वर्षांच्या पोराला आपल्या भाषेत “जेवलास का?” असं विचारणारी बाई भेटली, तर ती त्याची कोण होत असेल ते सांगायला नको.

मराठी वाचकाच्या मनातलं मिशनरी जोडपं याहून अगदी वेगळं आहे. आपल्याकडे ही माणसं आली ती ऐन तारुण्यात. ११ फेब्रुवारी १८१३ ला गॉर्डन हॉल मुंबईत उतरला, तेव्हा सोबत सॅम्युएल नॉट आणि त्याची बायको रोक्साना होती. अमेरिकन मराठी मिशनची ती सुरुवात. त्याच तुकडीतली हॅरिएट न्यूएल नवऱ्याबरोबर निघाली खरी, पण कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यात राहू दिलं नाही. मॉरिशसच्या वाटेवर जहाजातच ती बाळंत झाली. मूल गेलं आणि थोड्याच दिवसांत तीही गेली. वय १९. नवरा पुढे मुंबईला आला आणि १८२१ मध्ये पटकीने वारला. हॉललाही १८२६ मध्ये नाशिककडून परतताना पटकीनेच गाठलं. स्कॉटिश मिशनचे जॉन आणि मार्गारेट विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. मार्गारेटने मुलींच्या शाळा काढल्या, पण सहाच वर्षांत तिचं निधन झालं. विल्सन मात्र १८७५ पर्यंत इथेच राहिले, कॉलेजला त्यांचं नाव लागलं. म्हणजे तरुणपणी यायचं, इथलीच भाषा बोलत म्हातारं व्हायचं, नाहीतर त्याआधीच इथल्या मातीत जायचं. परतीचं तिकीट हिशेबात धरलेलंच नसे.

युटाचं, म्हणजे मॉर्मनांच्या अमेरिकेतल्या मुख्य मुलखातलं, जोडपं हा क्रम उलटा करतं. आधी संसार, नोकरी, मुलांची लग्नं. मग मिशन, तेही सहा महिन्यांपासून जास्तीत जास्त २३ महिन्यांपर्यंत.

हा रिवाज पंथाइतका जुना नाही. चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे या पंथाचं पूर्ण नाव, स्थापना ६ एप्रिल १८३०, न्यूयॉर्क राज्यातली. पहिल्या पिढ्यांत मिशनवर जायचा तो मुख्यतः बायकामुलं असलेला पुरुष, आणि जायचा एकटा. बोलावणं आलं की नांगर ठेवून निघायचं. सप्टेंबर १८३९ मधला एक प्रसंग या पंथात अजून सांगतात. हिबर किंबल आणि ब्रिगहम यंग हे पंथाचे दोन नेते इंग्लंडला मिशनवर निघाले, तेव्हा दोघंही हिवतापाने इतके खंगले होते की धड उभं राहता येत नव्हतं. किंबलची बायको व्हायलेट तापाने अंथरुणाला खिळलेली. यंगच्या घरी दहा दिवसांची बाळंतीण. गाडी थोडी पुढे गेल्यावर किंबलला राहवेना. त्याने गाडी थांबवायला लावली, दोघं कसेबसे उभे राहिले आणि टोप्या उंचावून ओरडले. ते ऐकून व्हायलेट उठून दारापर्यंत आली. धर्मसभांत हा प्रसंग निष्ठेचा म्हणून सांगतात. मला त्यात दार धरून उभी असलेली बाई आधी दिसते.

तिच्या जागी उभ्या असलेल्या बायकांपैकी लुइझा प्रॅटची हकिगत जरा तपशिलात मिळते, कारण ती लिहिणारी होती. तिचा नवरा अ‍ॅडिसन १८४३ मध्ये पॅसिफिकच्या बेटांकडे रवाना झाला. पदरी चार मुली. मधल्या काळात पंथाच्या लोकांना इलिनॉय सोडून पश्चिमेला जावं लागलं. लुइझाने मदत मागितली, तर तिला सांगण्यात आलं की तू हुशार आहेस, आपली सोय आपण करशील. तिने ती केली. बैलगाडीने मुलींसकट युटातल्या सॉल्ट लेकला, पंथाच्या नव्या ठाण्यावर, पोचली. १८४८ मध्ये नवरा परतला, तेव्हा धाकट्या मुलीला हा बाप्या कोण ते कळेना. पुढच्या मोहिमेच्या वेळी मात्र लुइझा मागे राहिली नाही. १८५० मध्ये मुलींना घेऊन तीही तुबुआई बेटावर गेली. तिथल्या बायकांना शिवणटिपण आणि लिहावाचायला शिकवलं. नवऱ्याबरोबर परदेशी मिशनवर गेलेल्या अगदी सुरुवातीच्या मॉर्मन बायकांत तिची गणना होते. इतकं करून पुढे त्या दोघांचं एकत्र राहणं फारसं जमलं नाही. धर्माच्या हिशेबात या त्यागाचं मोल वेगळं असेल, पण वर्षानुवर्षांच्या ताटातुटीने संसाराचं काय होतं ते या एका घरात दिसतं.

त्याच काळात आपल्याकडेही एक मॉर्मन येऊन गेला. ह्यू फिंडले हा स्कॉटिश माणूस १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याला गेला. लष्करी हद्दीत राहायची परवानगी मिळाली नाही, म्हणून गावात बिऱ्हाड केलं. डझनभर माणसांची मंडळी उभी राहिली आणि काही वर्षांतच विरली. पुण्याच्या इतिहासात त्याचा मागमूसही नाही.

एकट्या बायकांना अधिकृतपणे मिशनवर पाठवणं १८९८ मध्ये सुरू झालं. आयनेझ नाइट आणि जेनी ब्रिमहॉल या दोन तरुणी इंग्लंडला गेल्या. विसाव्या शतकात हळूहळू मिशन हे अविवाहित तरुणांचं काम झालं आणि बापमाणसांची त्यातून सुटका झाली. अधूनमधून गरज पडे. कोरियन युद्धाच्या वेळी सरकारने तरुणांना सैन्यात ओढलं, तेव्हा वयाने मोठ्या विवाहित पुरुषांना पुन्हा हाक गेली. १९५० च्या दशकात टोंगा, सामोआ, न्यूझीलंड इथे शाळा आणि प्रार्थनामंदिरं बांधायला अमेरिकेतून अनुभवी कंत्राटदार आणि गवंडी गेले, काही सहकुटुंब. हाताखाली स्थानिक तरुण बिनपगारी राबत. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळचं कॉलेज आणि मंदिर १९५८ मध्ये अशा हातांनी पुरं झालं. १९७१ पासून आरोग्यसेवेचे मिशनरी निघाले. प्रवचन सोडून दुसरं काही येत असेल तरी चालेल, ही वाट इथे मोकळी झाली, आणि म्हाताऱ्यांच्या ते पथ्यावर पडलं.

बाकीचं काम पैशाने केलं. अमेरिकेत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचं निवृत्तिवेतन आलं, १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी सरकारी आरोग्यविमा आला, जेट विमानांनी समुद्र आखूड केला. पासष्टाव्या वर्षी ठणठणीत असलेलं, घराचं कर्ज फेडलेलं, मुलं मार्गी लागलेलं जोडपं ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली निर्मिती आहे. त्याआधी असं जोडपं सापडलं असतं तरी त्याला समुद्रापलीकडे पाठवणं म्हणजे पुरायला पाठवण्यासारखंच झालं असतं.

या रिवाजाचा खरा कस लागला नोव्हेंबर १९७८ मध्ये. कृष्णवर्णीयांना पंथात पौरोहित्य न देण्याचा नियम ब्रिगहम यंगच्या काळापासून चालत आला होता. तो जून १९७८ मध्ये उठला. पश्चिम आफ्रिकेत तोपर्यंत विलक्षण प्रकार घडला होता. नायजेरिया आणि घानामध्ये लोकांनी हाती आलेल्या पुस्तकांवरून स्वतःच मंडळ्या स्थापल्या होत्या, पाट्याही लावल्या होत्या, आणि सॉल्ट लेकला वर्षानुवर्षं पत्रं धाडत होते की कुणीतरी या. अँथनी ओबिन्ना हा नायजेरियातला शिक्षक त्यांतला एक. ‘रीडर्स डायजेस्ट’च्या जुन्या अंकात त्याला सॉल्ट लेकच्या मंदिराचं चित्र दिसलं होतं.

चर्चने तिकडे एकोणीस वर्षांची पोरं पाठवली नाहीत. दोन जोडपी पाठवली: रेंडेल आणि रेचल मेबी, एडविन आणि जॅनथ कॅनन. रेंडेल मेबी तेव्हा सत्तर वर्षांचे होते, युटाच्या राजकारणात मुरलेले, युरोपात मिशन चालवून आलेले. २१ नोव्हेंबरला ओबिन्नाचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या गावात मंडळी स्थापून तिचं प्रमुखपद त्यालाच दिलं, बायकांच्या संस्थेचं प्रमुखपद त्याच्या पत्नीला, फिडेलियाला. वर्षभरात या चौघांच्या कामातून १,७०० हून अधिक बाप्तिस्मे झाले. शतकभर ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या दारी जायचं होतं. तिथे पाठवायला पिकल्या केसांची आणि बायका सोबत असलेली माणसं निवडली, यात मला तरी हिशेब दिसतो. पोरांना पाठवून ते काम निभावलं नसतं.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतातही एक जोडपं आलं, पण ते गोरं नव्हतं. एडविन धर्मराजू हे कीटकशास्त्रज्ञ कामानिमित्त सामोआला होते. तिथे ते आणि पत्नी एल्सी या पंथात आले. त्यांना छोट्या मिशनवर आपल्याच हैदराबादला धाडलं गेलं आणि घरच्या गोतावळ्यातल्या २२ जणांचा बाप्तिस्मा झाला. एल्सीचे वडील बाप्टिस्ट पाद्री. पुढे ‘बुक ऑफ मॉर्मन’ या पंथाच्या धर्मग्रंथाचं तेलुगू भाषांतर या वडिलांनीच केलं. १९८० च्या दशकात सिंगापूरहून ज्येष्ठ जोडपी येऊन-जाऊन इथल्या लहान मंडळ्या सांभाळत राहिली. बंगळुरूला स्वतंत्र मिशन झालं ते १९९३ मध्ये.

सगळ्या पंथाने उत्साहाने हे उचललं असं मात्र नाही. तरुण मिशनऱ्यांची संख्या आज ७० हजारांच्या वर आहे. जोडप्यांची चणचण मात्र कायमची. एप्रिल २००१ च्या धर्मपरिषदेत रॉबर्ट हेल्स या वरिष्ठ नेत्याने जोडपी मागे का राहतात त्याची चार कारणं मांडली: भीती, घरची काळजी, मनाजोगतं काम मिळेल का ही शंका, आणि पैसा. इंग्रजीत चारही ‘एफ’वरून सुरू होतात, म्हणून लक्षात राहतात. पैशाचं कारण पोकळ नव्हतं. ही जोडपी आपल्याच खिशातून राहतात, आणि परदेशी शहरातलं भाडं पेन्शन खाऊन टाकतं. सप्टेंबर २०११ पासून नियम बदलला. जोडप्याने घरापोटी महिन्याला १,४०० डॉलरपर्यंतच भरायचे, वरचं चर्च बघेल. परदेशी मुदतही सहा महिन्यांपर्यंत खाली आणली. १८ महिन्यांहून कमी राहायचं तर विमानाचं भाडं मात्र स्वतःचं.

घरची काळजी म्हणजे बहुतेक वेळा नातवंडं. आपल्याकडचे आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर न्यू जर्सीला जातात ते नातवंडासाठी. लोणच्याच्या बरण्या सामानात कोंबतात, बाळाला न्हाऊमाखू घालतात आणि थंडी पडायच्या आत परततात. युटाचे आजी-आजोबा त्याच सहा महिन्यांसाठी नातवंडाला सोडून अक्रा नाहीतर मनिलाला निघतात. पोरांवर असलेली फोनची बंदी त्यांच्यावर कधीच नव्हती. त्यामुळे युटात रात्रीची जेवणं चालू असताना मनिलात सकाळी आजी फोन समोर उभा करून वाढदिवसाचं गाणं म्हणतात. ते झालं की आजोबा गाडीची किल्ली शोधतात, कारण त्या दिवशी पोरांच्या चार खोल्यांचे फ्रिज बघायचे असतात.