हजार वाचक आणि वीस खिडक्या

आगनर क्रारुप एर्लांग हे डॅनिश गणिती १९०८ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाले. तिथला प्रश्न वरवर गणिताचा आणि मुळात पैशाचा होता. फोनधारक पुष्कळ. प्रत्येकासाठी स्वतंत्र तार ओढली तर कंपनीचं दिवाळं निघणार, तारा कमी ठेवल्या तर लोकांना लाइन मिळणार नाही. मग पुरतील इतक्या तारा म्हणजे नेमक्या किती? एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोन येण्यातल्या अनियमितपणाचं गणित मांडलं. १९१७ मध्ये त्यांनी असं सूत्र दिलं, की तारा किती आणि बोलणं किती हे ठाऊक असलं तर किती जणांना लाइन मिळणार नाही ते आधीच काढता येतं. दूरध्वनीच्या वर्दळीचं एकक आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

वेबसाइटसाठी स्वस्त होस्टिंग (म्हणजे साइट ठेवायला भाड्याची जागा) शोधणारा माणूस नेमका याच प्रश्नाशी झगडत असतो. तारांच्या जागी सर्व्हरवरच्या, म्हणजे साइट चालवणाऱ्या यंत्रावरच्या, प्रोसेस आल्या (एक प्रोसेस एका वेळी एक मागणी हाताळते), एवढाच फरक.

‘माझ्या साइटवर एका वेळी हजार लोक असतील, झेपेल का?’ हा प्रश्न नेहमीचा, पण त्यातलं ‘एका वेळी’ फसवं आहे. हजार लोक साइटवर आहेत म्हणजे हजार लोक सर्व्हरला कामाला लावत आहेत असं नाही. बहुतेक जण वाचत असतात, आणि ते वाचत असताना सर्व्हर त्यांच्यासाठी काहीच करत नसतो. समजा, एक माणूस सरासरी ३० सेकंदांनी पुढचं पान उघडतो. म्हणजे हजार जणांकडून सेकंदाला साधारण ३३ मागण्या आल्या. आता एक पान तयार करायला सर्व्हरला ०.६ सेकंद लागत असतील, तर कुठल्याही क्षणी सरासरी २० मागण्यांवर काम चालू असेल. हजार नव्हे, वीस. एकेक प्रोसेस म्हणजे तिकीटघराची एकेक खिडकी धरली, तर खिडक्या वीस.

हा गुणाकार जॉन लिटल यांच्या नावाने ओळखला जातो. १९६१ मध्ये त्यांनी त्याची सिद्धता दिली. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत थांबण्याचा वेळ. इतकं साधं वाटतं, की याला सिद्धता कशाला हवी असा प्रश्न पडावा. पण होस्टिंग निवडणाऱ्यासाठी त्यात सोनं दडलंय. येणाऱ्यांची संख्या आपल्या हातात नसते, पण थांबण्याचा वेळ असतो. तेच पान ०.०६ सेकंदात तयार झालं तर वीसच्या जागी दोनच खिडक्या लागतात, आणि दोन खिडक्या स्वस्त योजनेतही मिळतात.

मात्र हे झाले सरासरीचे आकडे. तिकीटविक्री सुरू होते किंवा निकाल लागतो, तेव्हा लोक सरासरीने येत नाहीत. पहिल्याच मिनिटात १०,००० जण धडकले तर सेकंदाला सुमारे १६७ मागण्या होतात, आणि ०.६ सेकंदाच्या पानाला शंभर खिडक्या लागतात. साइट मंद झाली की लोक गप्प बसत नाहीत, रिफ्रेश दाबत सुटतात. आधीच्या मागणीवर काम चालू असतानाच नवी मागणी रांगेत येऊन उभी राहते.

शिवाय रांग सरळ रेषेत वाढत नाही. एका खिडकीचं सर्वांत साधं गणित घेतलं, तर खिडकी निम्मा वेळ व्यस्त असताना काम उरकायला मूळच्या दुप्पट वेळ लागतो. ती ८० टक्के व्यस्त झाली की पाचपट, ९० टक्क्यांवर दहापट, ९५ टक्क्यांवर वीसपट. म्हणूनच काल सुरळीत चाललेली साइट आज थोडेसेच लोक वाढल्यावर आडवी होते, आणि मालकाला वाटतं की कुणीतरी हल्ला केला.

आता जाहिरातींकडे वळू. ‘अमर्याद बँडविड्थ (म्हणजे कितीही माहितीची ने-आण), अमर्याद जागा’ हे दाखवायचे दात. खायचे दात अटींच्या पानावर बारीक अक्षरांत असतात. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर अनेकांच्या साइट असतात. एकाने सगळं यंत्र गिळू नये म्हणून प्रत्येक खात्याला एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची, मेमरीची आणि प्रोसेसरच्या वाट्याची मर्यादा घातलेली असते. अनेक कंपन्यांच्या पॅनेलवर ती ‘एंट्री प्रोसेस’ या नावाने दिसते, काही जण ‘पीएचपी वर्कर’ म्हणतात (पीएचपी ही पानं तयार करणारी प्रोग्रॅमिंग भाषा). याच खिडक्या! त्या भरल्या की पाहुण्याला बहुधा ५०८ किंवा ५०३ क्रमांकाची त्रुटी दिसते. तेव्हा विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच, की एका वेळी किती प्रोसेस चालू देता? सरळ आकडा मिळाला नाही तर मी तरी पुढे जाणार नाही.

व्हीपीएस, म्हणजे यंत्राचा फक्त आपल्यासाठी राखलेला हिस्सा, घेतला तर ही मर्यादा आपण ठरवतो, पण मेमरी ती आपल्या वतीने ठरवून टाकते. पीएचपीच्या एका प्रोसेसला ५० एमबी लागतात असं धरलं, तर १ जीबीच्या यंत्रात डेटाबेस आणि बाकी पसारा वजा जाता जेमतेम डझनभर प्रोसेस बसतात. त्यामागे डेटाबेस उभा असतो, त्याचीही दारं मोजकीच. मायएसक्यूएल हा डेटाबेस मुळात १५१ जोडण्या स्वीकारतो, पोस्टग्रेस १००. हे आकडे बदलता येतात, पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? डेटाबेसमधली एखादी शोधणी इंडेक्सअभावी (म्हणजे माहितीची अनुक्रमणिका नसल्याने) अडखळत असेल, तर महागडा सर्व्हर घेऊनही ती अडखळतच राहते.

स्वस्त होस्टिंगला तारून नेणारी गोष्ट म्हणजे कॅशे. एकदा तयार केलेलं पान ठेवून द्यायचं आणि पुढच्यांना त्याचीच प्रत द्यायची. आपल्या उदाहरणात सगळे एकच पान मागत आहेत असं धरू. ते फक्त १० सेकंद साठवलं तरी ३३० मागण्यांपैकी एकीसाठीच खरं काम करावं लागतं. बातमी दहा सेकंद शिळी झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण इथे एक खोच आहे. साठवलेली प्रत ज्या क्षणी बाद होते, त्या क्षणी आलेले सगळेच ते पान नव्याने मागतात. ०.६ सेकंदाच्या पानासाठी वीस प्रोसेस एकदम तेच काम करायला धावतात. उपाय असा, की एकाच मागणीला पान बनवू द्यायचं आणि तोवर बाकीच्यांना जुनी प्रत द्यायची. एन्जिनएक्ससारख्या, पानं पुरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये यासाठी तयार सेटिंग आहे. लॉगिन केलेल्यांची पानं आणि खरेदीची टोपली मात्र अशी सरसकट साठवता येत नाही. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसायचा! त्यामुळे दुकानाच्या साइटला लेखांच्या साइटपेक्षा जास्त खिडक्या लागतात, त्याला इलाज नाही.

एन्जिनएक्सचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९९९ मध्ये डॅन केगल यांनी ‘एका यंत्रावर १०,००० जोडण्या’ हा प्रश्न चर्चेत आणला. तेव्हा प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस किंवा थ्रेड देण्याची पद्धत रूढ होती, म्हणजे दर पाहुण्यामागे एक वाढपी. इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये खुला केलेला एन्जिनएक्स एकाच वाढप्याला हजारो ताटांवर लक्ष ठेवायला लावतो. जो काही मागतो त्याच्याकडे जायचं, बाकीच्यांजवळ ताटकळत उभं राहायचं नाही. नुसती जोडणी उघडी ठेवणं स्वस्त असतं, महाग असतं ते काम. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ च्या सुमारास एकेका सर्व्हरवर २० लाखांवर जोडण्या पेलल्या होत्या. अर्थात यंत्रं दांडगी होती. आणि त्यांनी वापरलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेचं नाव? एर्लांग.

चित्रं, व्हिडिओ आणि स्थिर फायली सीडीएनकडे, म्हणजे ठिकठिकाणी पसरलेल्या सर्व्हरच्या जाळ्याकडे, सोपवाव्यात. त्या वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवरून जातात आणि आपल्या यंत्रावर भार येत नाही. बँडविड्थचा हिशोब तर तोंडी होतो. २ एमबीचं पान लाखभर वेळा उघडलं गेलं तर २०० जीबी. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलण्याआधी नूतनीकरणाचा दर पाहावा.

शेवटी मोजून पाहायचं. एका महिन्याची योजना घ्यायची, साइटची प्रत चढवायची, कंपनीला आधी कळवायचं (नाहीतर त्यांना हल्लाच वाटेल) आणि अपाचेबेंचसारख्या साधनाने आधी १०, मग २०, मग ४० मागण्या एकदम सोडायच्या. सरासरी वेळ पाहू नये, ती गोड बोलते. सर्वांत मंद पाच टक्के मागण्यांना किती वेळ लागला ते पाहावं. मागण्या दुप्पट केल्यावर सेकंदाला मिळणारी पानं तेवढीच राहिली आणि प्रत्येकाचा वेळ मात्र दुप्पट झाला, की समजायचं, या योजनेच्या खिडक्या इथे संपल्या. मग कॅशे चालू करून तीच चाचणी पुन्हा घ्यायची, आणि मोठी योजना घ्यायची की नाही ते त्यानंतर ठरवायचं.