ओढल्याने मणक्याची गादी परत बसते का?

मार्च महिन्यात आमच्या कुळागरात नारळ काढायला येणारा पाडेली ठरल्या दिवशी आलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, नारळांचं पोतं टेंपोत चढवताना त्याच्या कमरेत कळ आली आणि ती डाव्या पोटरीपर्यंत उतरली. एमआरआय झाला. 'गादी सरकलीय, नस दबलीय' असं सांगून त्याला ट्रॅक्शनच्या, म्हणजे यंत्राने कंबर ओढण्याच्या, दहा सिटिंग लिहून दिल्या होत्या. गोव्यातल्या आमच्या सावईवेऱ्याहून फोंड्याला त्याला गाडीने नेण्याचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी मी आत बसून सगळं पाहिलं. आयुष्यभर मुलांना भौतिकशास्त्र शिकवल्यावर अशा ठिकाणी नजर आपोआप बलांचा हिशेब मांडू लागते.

त्याच्या छातीभोवती एक पट्टा होता, कमरेच्या हाडांवर दुसरा. पोटऱ्या स्टुलावर टेकवल्यामुळे गुडघे वर आलेले. त्यामुळे कमरेची कमान सपाट होते आणि मणक्यांची मागची बाजू जरा उघडते. पायथ्याच्या यंत्राच्या पडद्यावर २५ किलोचा आकडा. खाट मधोमध दुभंगलेली. यंत्र ओढू लागलं की तिचा खालचा भाग चाकांवरून बोटभर सरकायचा, ओढ सैल झाली की मागे यायचा. पट्टे सोडल्यावर त्याने मला विचारलं, "सर, एवढं ओढल्यावर गादी परत आत जाईल ना?"

त्या दुभंगलेल्या खाटेपासूनच सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. पूर्वी वॉर्डात पायांना पट्ट्या चिकटवून, खाटेच्या दांड्यावरून चार-पाच किलोंची वजनं लोंबकळत ठेवत. अनेकांनी घरात असा रुग्ण पाहिला असेल. आता हिशेब करा. माणूस सत्तर किलोंचा, कमरेखालचं शरीर साधारण निम्मं, म्हणजे पस्तीस किलो. अंग आणि अंथरूण यांच्यातला घर्षणांक सुमारे ०.५. म्हणजे खालचं अंग नुसतं हलवायलाच सतराएक किलोंची ओढ लागते. पाच किलो वजन लावलं की घर्षण तेवढ्याच बलाने उलटं ओढून धरतं आणि कमरेच्या मणक्यापर्यंत काहीच पोचत नाही. १९५५ साली ज्युडोविच या अमेरिकन डॉक्टरांनी हेच मोजून दाखवलं. शरीराच्या वजनाच्या जवळपास एक चतुर्थांश ओढ घर्षणातच जिरते. चाकांवरची दुभंगलेली खाट हे घर्षण जवळजवळ शून्यावर आणते.

त्या लोंबत्या वजनांनी एक मात्र साधायचं, रुग्ण अंथरुणाला खिळून राहायचा. तेही हिताचं नव्हतं. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवसांची आणि काहींना सात दिवसांची विश्रांती सांगितली होती. दोन दिवसवाले लवकर कामावर गेले आणि त्यांचं काही बिघडलं नाही.

मग यंत्राची ओढ मणक्यापर्यंत पोचली, तर गादीचं काय होतं? दोन मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेरून चिवट तंतूंची कडी आणि आत पाण्याने फुगलेला मऊ गर. १९९९ साली जर्मनीतल्या उल्म इथे एका स्वयंसेवकाच्या कमरेतल्या गादीत सेन्सर बसवून आतला दाब मोजला गेला. आडवं असताना ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५, आणि पाठ वाकवून २० किलो उचलताना २.३. स्कूटरच्या टायरमध्ये आपण साधारण ०.२ भरतो, यावरून अंदाज घ्या. त्या गादीचं क्षेत्रफळ १८ चौरस सेंटिमीटर होतं. ढोबळ हिशेबाने आडव्या माणसाच्या गादीवर बारा ते अठरा किलोंचा भार येतो, तर उभ्या माणसाच्या गादीवर साठ ते नव्वद. धडाचं वजन तर इतकं नसतं! उरलेला भार शरीर तोलून धरणारे पाठीचे स्नायू घालतात.

म्हणजे पंचवीस किलोंची ओढ कागदावर तरी आडव्या माणसाच्या गादीवरचा भार उतरवू शकते. त्यातली काही ओढ स्नायू आणि अस्थिबंध आपल्या अंगावर घेतात, तरी मणके किंचित दुरावतात आणि नस दबलेल्या काहींना तेवढा वेळ हलकं वाटतं. ते हलकं वाटणं खोटं नाही. पण माणूस पट्टे सोडून उभा राहिला, चपला घातल्या, की साठ-सत्तर किलो पुन्हा गादीवर बसतात. तासाभरापूर्वी होतं तिथेच सगळं येतं. शिवाय असं ताणणं आपल्याला रोज रात्री फुकट मिळतं. झोपेत गादी पाणी शोषून फुगते आणि सकाळी आपण रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो. म्हणूनच उठल्या उठल्या वाकून घागर उचलू नये, भरलेल्या गादीवर वाकण्याचा ताण जास्त येतो.

रुग्णांवरच्या चाचण्यांतूनही हेच दिसतं. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २७६२ रुग्ण होते. वेदना, हालचाल, कामावर परतणं, कशातही ट्रॅक्शनने म्हणावा असा फरक पडला नाही. डॉक्टरांना उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ साली कंबरदुखी आणि सायटिकासाठी (नस दबून पायात उतरणाऱ्या कळेसाठी) ट्रॅक्शन देऊ नका असं स्पष्ट लिहिलं. तरी वर्तमानपत्रातून 'ऑपरेशनशिवाय गादी जागेवर' अशी पत्रकं येतात आणि त्याच खाटेला 'डिकंप्रेशन' हे नवं नाव मिळतं. हिपोक्रेटिसच्या काळी कुबड असलेल्या माणसाला शिडीला बांधून शिडी वरून आपटत. गर्दीला तोंडात बोटं घालायला लावणारे वैद्य हे करतात, अशी तक्रार त्यानेच लिहून ठेवली आहे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेत लाथ मारून घेतात. उसण उतरतेही, पण ती बहुतेक वेळा आठ-पंधरा दिवसांत आपोआपच उतरणार असते. लाथेने एखाद्या ठिसूळ मणक्याचं हाड मात्र मोडू शकतं.

पाडेल्याला मी सांगितलं, फाटलेल्या कडीतून बाहेर आलेला गर ओढून परत आत जात नाही. पण शरीराला दुसरी वाट माहीत आहे. जन्मापासून तो गर कडीच्या आत बंद असतो, रक्ताशी त्याची गाठच पडत नाही. बाहेर आल्यावर शरीराच्या संरक्षक पेशींना तो परका वाटतो. तिथे सूज येते, नव्या केशवाहिन्या उगवतात, भक्षक पेशी येतात आणि त्याला हळूहळू खाऊन टाकतात. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण तुटून पडलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत आपोआप आकसला किंवा नाहीसा झाला, तर कडीच्या आतच राहिलेल्या फुगवट्याच्या बाबतीत हे प्रमाण ४१ टक्के होतं. रिपोर्टवर जास्त भयंकर दिसणारा तुकडाच लवकर विरतो! याला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर वेदनाशामक, सोसवेल तितकं चालणं, पुढे पाठीचे व्यायाम. राहिलेल्या सात सिटिंगबद्दल त्याने डॉक्टरांना मोकळेपणाने विचारलं, त्या थांबवल्या आणि तो रोज संध्याकाळी देवळाच्या तळीपर्यंत चालत जाऊ लागला.

वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम नाही, लेप नाही, ट्रॅक्शनही नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात जायचं. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल किंवा म्हातारपणी पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर आधी तपासणी करून घ्यायची. मणक्याचा क्षय आपल्याकडे आजही दिसतो, आणि अशा पोखरलेल्या मणक्याला कुणी ओढता कामा नये.