काटा कोण घडवतं?

कोरोनाच्या लशींची नावं डझनभर, पण सगळ्यांचा डोळा मुख्यतः एकाच गोष्टीवर: विषाणूच्या अंगावरचा काटा, म्हणजे स्पाइक प्रथिन. याच काट्याने विषाणू आपल्या पेशीला चिकटतो. तो काटा शरीराला आधीच दाखवून ठेवायचा, एवढंच लशीचं काम. फरक आहे तो काटा कोण घडवतं यात.

कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा विषाणूच असतो, पण रसायनाने निकामी केलेला. पद्धत जुनी, टोचून देण्याची पोलिओ लसही अशीच. नोव्हाव्हॅक्सचा काटा कारखान्यात कीटकांच्या पेशींकडून करवून घेतात. कोव्हिशिल्ड आणि फायझर मात्र काटा देतच नाहीत, तो घडवण्याची कृती देतात. कोव्हिशिल्डमध्ये ती डीएनएच्या रूपात चिंपांझीच्या सर्दीच्या विषाणूतून (ॲडेनोविषाणूतून) जाते, फायझरमध्ये एमआरएनए नावाच्या रेणूच्या रूपात चरबीच्या सूक्ष्म थेंबातून. पुढचं काम आपल्याच पेशी करतात.

आता गंमत. हा काटा स्प्रिंगसारखा असतो, पेशीत शिरताना रूप पालटतो. सुटा बनवला तर आधीच उलगडून बसतो, आणि उलगडलेल्या काट्यावर तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) खऱ्या विषाणूपुढे फारशी कामाची नसतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ; काट्याच्या 1273 अमिनो आम्लांपैकी 986 आणि 987 क्रमांकांच्या जागी प्रोलीन हे ताठर अमिनो आम्ल बसवलं की तो ताठ राहतो. ही युक्ती मर्स या श्वसनरोगाच्या कोरोनाविषाणूवर काम करताना 2017 मध्येच हाती आली होती. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांचा एमआरएनएवरचा कळीचा शोधनिबंध तर 2005 चा. ‘वर्षभरात लस कशी काय?’ या शंकेचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं असं, की चाचण्यांचे टप्पे एकमेकांवर चढवले गेले आणि निकाल हाती येण्याआधीच उत्पादन सुरू झालं.

‘आपली जनुकं बदलतात का?’ नाही. एमआरएनए पेशीच्या केंद्रकात शिरत नाही आणि काही दिवसांत विरून जातो. कोव्हिशिल्डमधला डीएनए केंद्रकात जातो, हे खरं; पण आपल्या गुणसूत्रांत स्वतःला गुंफून घेण्याची यंत्रणा त्याच्याकडे नसते.

दुष्परिणामांवर पांघरूण घालण्यात मला अर्थ वाटत नाही. एमआरएनए लशींनंतर, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर, काही तरुण मुलांच्या हृदयस्नायूला सूज आली. ॲडेनोविषाणूच्या लशींनंतर काहींच्या रक्तात गुठळ्या झाल्या. दोन्ही प्रकार दुर्मीळ, पण खरे.

आणि सगळ्यांचा लाडका प्रश्न: लस घेऊनही कोरोना झालाच की! विषाणू येतो नाकातून. दंडात टोचलेल्या लशीची प्रतिपिंडं असतात मुख्यतः रक्तात. नाकाच्या ओलसर अस्तरात पहारा तोकडाच. शिवाय काही महिन्यांत प्रतिपिंडं ओसरतात. विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी टिकून असतात, पण त्यांना कामाला लागायला काही दिवस लागतात. तेवढ्यात घसा धरतो, ताप येतो. फुप्फुसांपर्यंत प्रकरण जायच्या आत मात्र त्या बहुतेक वेळा पोहोचलेल्या असतात.