आशय-स्थलांतरातील अवलंबित्व

आशय-स्थलांतरातील अवलंबित्व : संकेतस्थळावरील लेख, चित्रे, वर्ग, मेनू इत्यादी घटक एका आशय व्यवस्थापन प्रणालीतून, म्हणजे सीएमएसमधून, दुसरीत नेताना त्यांचे परस्परसंबंध शाबूत ठेवण्याचा प्रश्न व त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धती. डेटाबेसमध्ये लेख कधीच एकटा नसतो. त्याला लेखक असतो, तो कुठल्या तरी वर्गात मोडतो, त्याला मुख्य चित्र असते, मजकुरात इतर लेखांचे दुवे असतात. मात्र लेखाच्या नोंदीत यांपैकी बहुतेकांचा केवळ आयडी, म्हणजे ओळखक्रमांक, साठवलेला असतो. नव्या ठिकाणी तो आयडी निरर्थक ठरतो किंवा, त्याहून वाईट म्हणजे, भलत्याच घटकाकडे नेतो. पहिली चूक लगेच दिसते, दुसरी महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

वर्डप्रेस या सीएमएसमध्ये लेख, पाने, चित्रे आणि मेनूतील नोंदी एकाच तक्त्यात राहतात व त्यांचे आयडी एकाच क्रमाने वाढत जातात. समजा, जुन्या स्थळावरील ५७ क्रमांकाच्या लेखाचे मुख्य चित्र ४१२ क्रमांकाचे आहे. डब्ल्यूएक्सआर या नावाने ओळखली जाणारी निर्यातीची एक्सएमएल फाइल हा ४१२ आकडा जसाच्या तसा सोबत नेते. नव्या स्थळावर ४१२ हा क्रमांक आधीच ‘संपर्क’ या पानाकडे असेल, तर आयात झालेल्या चित्राला वेगळा क्रमांक, समजा ९०३, मिळतो. वर्डप्रेसचे आयात-प्लगइन, म्हणजे आयातीसाठी जोडायचा छोटा प्रोग्राम, जुन्या व नव्या क्रमांकांच्या जोड्या लक्षात ठेवते आणि सर्व घटक आत आल्यावर पुन्हा एक फेरी मारून मुख्य चित्रांचे क्रमांक बदलते. एखादे उपपान आपल्या मूळ पानाच्या आधी आले, तर ते तात्पुरते ‘अनाथ’ म्हणून नोंदले जाते आणि शेवटच्या फेरीत योग्य पानाखाली बसवले जाते.

खरी अडचण मजकुराच्या पोटात दडलेल्या क्रमांकांची आहे. डिसेंबर २०१८ मधील ५.० या आवृत्तीपासून वर्डप्रेसचा मजकूर ब्लॉकांच्या, म्हणजे परिच्छेद, चित्र अशा स्वतंत्र तुकड्यांच्या रूपात लिहिला जातो आणि चित्राच्या ब्लॉकमध्ये चित्राच्या पत्त्यासोबत त्याचा आयडीही असतो. जुन्या गॅलरी-शॉर्टकोडमध्ये, म्हणजे चित्रसंच दाखवण्यासाठी मजकुरात लिहिलेल्या छोट्या संकेतात, तर स्वल्पविरामांनी वेगळे केलेले नुसते आकडेच असतात. आयात-प्लगइन मजकुरातील चित्रांचे पत्ते बदलते, हे आकडे बदलत नाही. त्यामुळे गॅलरी रिकामी दिसते किंवा तिच्यात दुसऱ्याच लेखाची चित्रे येतात. चाचणी जवळजवळ रिकाम्या स्थळावर घेतली, तर हा दोष सहसा उघडकीस येत नाही, कारण मूळ क्रमांक मोकळा असेल तर प्लगइन तोच कायम ठेवते. म्हणून चाचणीचे स्थळ आधीपासून भरलेले असावे, हा आग्रह धरणे योग्य आहे. चित्रांच्या फाइली या एक्सएमएलमध्ये नसतात. त्या जुन्या पत्त्यावरून उतरवून घेतल्या जातात, तेव्हा स्थलांतर पुरे होऊन तपासले जाईपर्यंत जुने स्थळ बंद करता येत नाही.

घटक कोणत्या क्रमाने न्यायचे, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. ज्यावर दुसरे अवलंबून आहे ते आधी न्यावे, हा नियम आलेख-सिद्धांतात टोपोलॉजिकल क्रमवारी म्हणून ओळखला जातो. आर्थर कान यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेली तिची रीत आजही वापरात आहे. मात्र दोन लेख एकमेकांचा ‘संबंधित लेख’ म्हणून उल्लेख करत असतील, तर असा क्रम लागूच शकत नाही.

परस्परांवरील अवलंबित्वाच्या या चक्रावर द्रुपल या दुसऱ्या सीएमएसने काढलेला तोडगा विशेष उल्लेखनीय आहे. द्रुपल ७ वरून पुढील आवृत्त्यांकडे जाताना त्याच जागी श्रेणीवाढ करता येत नाही, नवे स्थळ उभारून त्यात सगळा आशय आणावा लागतो. द्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपल्याने हे काम पुष्कळांना करावे लागले. द्रुपलची मायग्रेट यंत्रणा प्रत्येक स्थलांतरासाठी एक नकाशा-तक्ता डेटाबेसमध्येच राखते व त्यात जुन्या आयडीसमोर नवा आयडी लिहिते. संदर्भित घटक अजून आलेला नसेल, तर ती त्याच्या जागी एक सांगाडा-नोंद, म्हणजे तात्पुरती अपुरी नोंद, तयार करून तिचा आयडी वापरते आणि मूळ घटक आल्यावर तोच सांगाडा भरते. नकाशा टिकाऊ असल्यामुळे काम मध्येच थांबवता येते, उलट फिरवता येते आणि दरम्यान बदललेले घटक पुन्हा आणता येतात. द्रुपल ८ पासून घटकांना यूयूआयडी हा १२८ बिटांचा, व्यवहारतः जगभरात एकमेव असा ओळखक्रमांकही असतो. मजकुरात बसवलेली माध्यमे त्याच्याच आधारे ओळखली जातात.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत संदर्भ क्रमांकाने नव्हे, तर नावाने दिला जातो. मराठी विकिपीडियावर इंग्रजी विकिपीडियातील माहितीचौकट आणणाऱ्यांना याचा अनुभव येतो. अशी चौकट साच्याने, म्हणजे अनेक लेखांत वापरता येणाऱ्या तयार पानाने, बनते. एक साचा आणला की त्याच्या आत वापरलेले उपसाचे हवे असतात, आणि २०१३ पासून अनेक साचे लुआ या प्रोग्रामिंग भाषेतील विभागांवर, ते विभाग पुन्हा इतर विभागांवर विसंबून असतात. निर्यात-पानावर साचेही समाविष्ट करण्याचा पर्याय निवडला, तर ही साखळी बरीचशी एकाच फाइलमध्ये येते. ‘टेम्प्लेट’ हे इंग्रजी नामविश्व, म्हणजे पानाच्या नावाआधी लागणारा प्रकारदर्शक शब्द, मराठी प्रकल्पातही चालत असल्याने आतले उल्लेख ‘साचा’ नामविश्वात बरोबर पोहोचतात. मात्र आणलेल्या साच्याचे नाव मराठीत बदलल्यास जुन्या नावावर पुनर्निर्देशन ठेवावे लागते, नाहीतर लेखात चौकटीऐवजी लाल दुवा उरतो. चित्रांचे मात्र दोन प्रकार पडतात. विकिमीडिया कॉमन्सवरील चित्र केवळ नाव लिहिताच दिसते. चित्रपटांची भित्तिपत्रे वा संस्थांची बोधचिन्हे यांसारखी जी चित्रे न्याय्य वापराच्या तत्त्वावर फक्त इंग्रजी विकिपीडियावर ठेवलेली असतात, ती एक्सएमएल फाइलबरोबर येत नाहीत आणि ती आणता येतील की नाही, हे त्या-त्या प्रकल्पाच्या प्रताधिकार-धोरणावर ठरते.