हळदीच्या डागापासून गॅस सेन्सरपर्यंत: थोडी पार्श्वभूमी

कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो आणि साबण धुऊन टाकला की परत पिवळा, हे बहुतेकांनी पाहिलंय. हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्याचा हा खेळ, अल्कली (साबण-सोड्यासारखी, आम्लाच्या उलट गुणाची) आली की लाल आणि गेली की पिवळं. वनस्पतींच्या रंगांवर चालणारा ऑप्टिकल फायबर गॅस सेन्सर म्हणजे मुळात हाच डाग, फक्त तो काचेच्या बारीक तारेवर लावलेला असतो आणि साबणाच्या जागी येते अमोनियाची वाफ.

रंगाची बाजू खूप जुनी आहे. रॉबर्ट बॉइलने १६६४ च्या रंगांवरच्या पुस्तकात व्हायोलेट फुलांच्या सिरपबद्दल लिहिलंय, की पांढऱ्या कागदावर सिरपचा थेंब टाकायचा, त्यावर आम्ल पडलं की लाल, अल्कली पडली की हिरवा. पुढे १८३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ मार्क्वार्टने फुलांच्या निळ्या रंगद्रव्याला अँथोसायनिन हे नाव दिलं, आणि वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या, मुख्यतः क्लोरोफिलवरच्या कामासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ विलश्टेटरला १९१५ चं नोबेल मिळालं. त्याला निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये आणि लाल गुलाबात रंगाचा मूळ रेणू एकच सापडला! फरक पेशीतल्या आम्ल-अल्कलीचा असणार असं त्याने धरलं, ते मात्र चुकलं, कारण कॉर्नफ्लॉवरचा निळा धातूंच्या आयनांमुळे (विद्युतभारित कणांमुळे) येतो हे नंतर कळलं.

फायबरची बाजू वेगळीच. १८४१ च्या सुमारास स्विस भौतिकशास्त्रज्ञ कोलाडॉनने जिनिव्हात पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखवला, पण खरी उडी १९६६ ची, चार्ल्स काव आणि हॉकहॅम या अभियंत्यांनी सांगितलं की काच पुरेशी शुद्ध केली आणि लॉस, म्हणजे वाटेत प्रकाश कमी होण्याचं प्रमाण, किलोमीटरला २० डेसिबलच्या आत आणला तर फायबरमधून फोन चालतील, तेव्हाच्या काचेत तो हजाराच्या आसपास होता. १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीने १७ गाठला. मजा अशी की टेलिफोनवाल्यांना प्रकाश जराही बाहेर नको होता, आणि सेन्सरवाल्यांना तो थोडासा बाहेर डोकावलेलाच हवा. फायबरच्या गाभ्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा काही अंश पृष्ठभागाच्या किंचित बाहेरपर्यंत पोचतो, एका तरंगलांबीपेक्षाही कमी, त्याला इव्हॅनेसंट वेव्ह म्हणतात. तेवढ्या जागेवरचं क्लॅडिंग (गाभ्याभोवतीचं आवरण) काढून रंगाचा थर दिला की झालं, रंग बदलला की दुसऱ्या टोकाला ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश कमी-जास्त येतो.

सुरुवातीचे रंग मात्र फुलांचे नव्हते. १९८० मध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांनी शरीरातला पीएच (आम्ल-अल्कलीचं प्रमाण) मोजायला जो फायबर प्रोब, म्हणजे आत घालायची मोजणी-कांडी, बनवला त्यात फेनॉल रेड होतं, आणि १९८३ मध्ये अमोनियासाठी काचेच्या नळीवर ऑक्झाझिन डाय लावून मोजमाप झालं. दोन्ही कृत्रिम. अँथोसायनिन, कर्क्युमिन, क्लोरोफिल हे नंतर आले, कारण विषारी नाहीत, स्वस्त आहेत आणि मासे-मांस खराब होताना सुटणाऱ्या अमाइन (अमोनियासारख्या) वाफांना पण प्रतिसाद देतात, म्हणजे खाण्याजवळ ठेवायला बरे.

अमोनिया थरातल्या ओलाव्यात विरघळतो, हायड्रॉक्साइड तयार होतो, रंगाचा रेणू प्रोटॉन सोडतो आणि त्याचा रंग पालटतो. म्हणजे थर पूर्ण सुका असेल तर सेन्सर आंधळा, आणि हवेतला ओलावा वरखाली झाला की आकडेही हलतात, हे मला तरी सगळ्यात मोठं दुखणं वाटतं. शिवाय अमोनिया आहे की दुसरी कुठली अल्कधर्मी वाफ, हे रंगाला कळत नाही. अँथोसायनिनचं आणखी एक, अल्कली फार झाली की रेणूच तुटतो, मग गॅस गेला तरी मूळ रंग परत येत नाही.

आणि प्रकाश! हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की हळूहळू उडून जातो, फायबरवरच्या थराचंही तेच होतं, आणि इथे तर मोजायलाच प्रकाश लागतो.