पाझर की घाम?

माठ आणि बर्फाचं पाणी भरलेला स्टीलचा तांब्या शेजारी-शेजारी ठेवा. दोन्ही बाहेरून ओले. पण माठावरचं पाणी आतून पाझरलेलं असतं, तांब्यावरचं हवेतून येऊन बसलेलं. तांब्याला भोक पडलंय असं समजून तो कुणी झाळायला नेत नाही. ट्रेलरच्या बाबतीत मी मात्र नेमकं तेच केलं.

गाडीमागे जोडून न्यायचा, आतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेला आमचा छोटा ट्रेलर एरवी इंदूरला घराशेजारी उभा असतो. डिसेंबरात पचमढीला गेलो होतो. समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून उंच जागा, रात्री कडाक्याची थंडी. तिसऱ्या पहाटे सासूबाईंनी पलंगाखालच्या कप्प्यातून जादाची दुलई ओढली, तर ती गार, जड आणि कुबट. "अगं, पाऊस तर पडला नाही, मग ही ओली कशानं?" उत्तर त्या प्रश्नातच होतं. पण इंदूरला परतल्यावर मी कारागीर बोलावून सगळे सांधे सिलिकॉननं भरून घेतले. त्यानं उत्साहाच्या भरात कप्प्याच्या फळ्यांमधल्या फटीही बुजवल्या. पुढच्या सहलीत दुलई आणखी ओली.

म्हणजे तो पाझर नव्हताच, घाम होता. 20 अंशांची हवा एका घनमीटरमध्ये साधारण 17 ग्रॅम बाष्प धरू शकते, 10 अंशांची जेमतेम साडेनऊ. चार माणसं दारं-खिडक्या लावून झोपली की रात्रभर श्वासातून बाष्प सोडत राहतात. त्यात चहा-खिचडी आतच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पातेल्यातली वाफ वेगळीच. ही हवा फटीफटींतून कप्प्यात शिरते, बाहेरच्या थंड पत्र्याला लागून असलेल्या फळीला टेकते आणि तिथे पाणी सोडते. दुलई नेमकी त्याच फळीला चिकटवून कोंबलेली.

दोन्हींची लक्षणं बघायला बसलं की वेगळी दिसतात. गळती एका जागी असते: तपकिरी कडांचा डाग, बोट दाबलं की खचणारं प्लाय, आणि पाऊस पडल्यावर किंवा ट्रेलर धुतल्यावर वाढणारी ओल. घाम पसरट असतो. थंड कोपऱ्यांत, स्क्रूच्या डोक्यांवर, बिजागऱ्यांवर बारीक थेंब, कोरड्या थंडीतही. खात्री नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी कप्प्याकडची बाजू ओली असेल तर घाम, फळीकडची ओली असेल तर पाणी मागून येतंय.

गळतीवरचा उपाय सांगायला फार लागत नाही: पाणी शिरतं ती जागा शोधा, जुनं सीलंट खरवडून काढा, नवं भरा. खिडकीची चौकट आणि छपराचे सांधे आधी तपासा. तिथे नुसती हवा खेळवून भागत नाही, प्लाय आतून कुजतच राहतं.

घामाला उलट वाट द्यावी लागते. आजीच्या स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट आठवा, तसंच. कप्प्याच्या आतल्या, खोलीकडच्या फळीला एक भोक खाली, एक वर. एकाच भोकानं हवा फिरत नाही. पाडण्याआधी मागे वायर किंवा गॅसची नळी नाही ना बघा, आणि झुरळं-उंदरांसाठी बारीक जाळी ठोका. तळाला पट्ट्या टाका, सामान बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटं लांब ठेवा, आणि रात्री छपराची खिडकी थोडी उघडी राहू द्या. थंडी आत येईल ही भीती असते, पण 8 अंशांची दमट हवासुद्धा आत येऊन 20 अंशांना तापली की बरीच कोरडी होते. पावसाळ्यात मात्र हा हिशेब चालत नाही, तेव्हा बाहेरचीच हवा बाष्पानं भरलेली असते. मग उघडीप मिळेल तेव्हा सगळं उघडायचं, गाद्या उन्हात टाकायच्या. सिलिका जेलच्या पुड्या छोट्या बंद डब्यात कामी येतात. अख्ख्या कप्प्याला पुरणार नाहीत.

एक जागा यातून वगळा. गॅस सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक असतं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. ते भोक कधी बुजवू नका, आणि त्या कप्प्यातून आतल्या बाजूला एकही भोक पाडू नका.

आमच्याकडे चार कप्प्यांत भोकं पाडली, दुलई कोरडी राहू लागली. मागच्या खिडकीखालच्या कप्प्यातलं फॉइल तेवढं दोन्ही बाजूंनी ओलं निघालं. तिथे आधी सीलंट, मग ड्रिल.